सुट्या भागांवरील बोधचिन्हे

महोदय,

गेल्या महिन्यात येथे, इंदुरात, स्कूटरचे ब्रेक-शू बदलून घेतले. डबीवर कंपनीचे बोधचिन्ह ठसठशीत होते. घरी चष्मा लावून पाहिले, तेव्हा त्याच्या कडांची शाई पसरलेली दिसली आणि उत्पादकाचा पत्ता कुठेच सापडला नाही.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ३० नुसार सुटा भाग कोणत्या गाडीला बसतो हे सांगण्यापुरते, दिशाभूल होणार नसेल तर, मूळ कंपनीचे नाव वापरता येते. मात्र तेच चिन्ह खोटेपणाने उठवणे हा कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैदेस पात्र गुन्हा आहे. सीटकव्हरवरील नकली चिन्हाने फार तर हौस भागते, ब्रेकचे तसे नाही. दुकानदारांनी निदान पक्क्या बिलावर उत्पादकाचे नाव लिहावे.

एक वाचक, इंदूर