घंटागाडीतला न दिसणारा कचरा

रविवार पुरवणीतील लेखात ‘जोडशब्दाचा अर्थ म्हणजे दोन शब्दांच्या अर्थांची बेरीज’ असे म्हटले आहे. ते पटले नाही. बैलगाडी बैल ओढतो, मालगाडी मात्र माल वाहते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी रेल्वे आली; अशा गाडीला मराठी माणसाने आगगाडी म्हटले, कारण ती आगीच्या बळावर धावे. ‘ओढलेली’, ‘वाहणारी’, ‘धावणारी’ असा मधला गाळलेला शब्द ऐकणारा माणूस अनुभवातून भरतो. व्याकरणात मधले पद गाळलेल्या अशा जोडशब्दालाच मध्यमपदलोपी समास म्हणतात. आमच्याकडे सकाळी येणाऱ्या घंटागाडीच्या नावात तर कचऱ्याचा उल्लेखही नाही, तरी लहान मूलसुद्धा बादली घेऊन धावते! शाळेत विग्रह, म्हणजे जोडशब्दांची फोड, पाठ करून घेण्याऐवजी असे गाळलेले शब्द मुलांनाच शोधू द्यावेत.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे