बॅटरी बदलू नकोस, आधी मीटर लाव

सोलापूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आधी एकच सांगतो, तिसरी बॅटरी घेऊ नकोस. तू लिहिलेल्या लक्षणांतच निम्मं उत्तर आहे. तुझी मारुती ८०० सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. मंगळवेढ्याहून इथं येऊन सात रस्त्याला दहा मिनिटं उभी केलीस की कधी नुसता बारीक ‘टक’, कधी तेही नाही. अर्ध्या तासानं मात्र मुकाट चालू. उभ्या गाडीत बॅटरी आपोआप भरत नसते लेका. त्या अर्ध्या तासात होतं एवढंच, की इंजिन निवतं.

पुढच्या वेळी अडली की धक्का मारणाऱ्यांना जरा थांबव. हेडलाइट लाव, समोरच्या भिंतीवरचा उजेड बघ आणि सेल्फ मार. उजेड एकदम विझल्यासारखा झाला तर बॅटरी, तिचं टर्मिनल किंवा जाम झालेला सेल्फ. ‘टक टक टक’ अशी ओळीनं टकटक झाली तरी संशय बॅटरीवर किंवा टर्मिनलवरच. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढतो, मोटर करंट खाते, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, तो पुन्हा ओढतो. पण उजेड जसाच्या तसा राहिला, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. तुझं बहुतेक हेच आहे.

तरी बॅटरीची खातरजमा आधी करून घे, म्हणजे मनातली शंका जाईल. रात्रभर उभ्या गाडीत मीटर, म्हणजे मल्टीमीटर, २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोज. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर एक सेल गेला. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं की अल्टरनेटर ठीक. पाणी मात्र उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघ. आपल्याकडच्या उन्हात ते भराभर आटतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाल. बोअरचं पाणी चुकूनही नको, त्यातले क्षार प्लेटा खातात.

आता खरं काम. वायरी तपासताना बहुतेक जण मीटर ओहमवर लावतात, शून्य दिसलं की ‘वायर ठणठणीत’ म्हणून मोकळे होतात. ही तपासणी इथं काहीच सांगत नाही. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर खातो. केबलीच्या टोकाच्या थिंबलमध्ये ०.०१ ओहम इतका क्षुल्लक अवरोध असला, तरी १५० अँपिअरला तिथंच दीड व्होल्ट जळतो. आणि ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसतही नाही. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

गाडी न्यूट्रलला ठेव, हँडब्रेक ओढ. इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची पॉझिटिव्ह वायर काढ. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटावर टेकव. क्लॅम्पवर नको, नाहीतर क्लॅम्प आणि खुंटामधला दोष निसटेल. काळी पिन सोलेनॉइडच्या जाड बोल्टवर, जिथं बॅटरीची केबल येते. वहिनींना तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांग. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा तिची टोकं खराब. मग एक पिन सेल्फच्या लोखंडी अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. इथं ०.३ च्या वर नको.

जुन्या गाड्या जास्त करून या दुसऱ्या मापातच सापडतात. निगेटिव्हची केबल बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथं बोल्टनं आवळली आहे तिथं रंग, गंज आणि ऑइलचा थर असतो. वरून बोल्ट घट्ट लागतो, आत अर्थिंग मिळत नसतं. याची एक गमतीची खूण सांगतो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल हाताला गरम लागली, तर करंट अर्थ सोडून त्या बारीक केबलीतून वाट काढतोय. असा बोल्ट काढ, पॉलिश पेपरनं धातू उघडा पडेस्तोवर घास, आवळ, मग वरून व्हॅसलिन. टर्मिनलवरची पांढरी बुरशी चमचाभर खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धू, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नकोस, आणि सोलापुरी चादरीच्या जुन्या तुकड्यानं कोरडं कर. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

हे दोन्ही ठीक निघालं तर सोलेनॉइडची बारीक वायर धर. अडलेल्या, तापलेल्या अवस्थेत तिच्यावर मोज. सेल्फ मारताना तिथं बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त तूट असेल तर चोर सापडला. जुन्या गाडीत हा करंट किल्लीच्या स्विचमधून फिरून येतो. स्विचचे पॉइंट वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन काळे पडतात. त्यात इंजिनच्या झळेनं सोलेनॉइडची कॉइल तापते. तांब्याचा अवरोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ३० चं ९० अंश झालं की जवळजवळ पाव. व्होल्टेज आधीच कमी, अवरोध जास्त, मग ओढ कुठून येणार? सकाळी हेच सगळं काठावर निभावून जातं.

खात्री करायची असेल तर बारीक वायरीची क्लिप काढून सोलेनॉइडवरच्या तिच्या पट्टीला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वेगळी वायर क्षणभर टेकव. गाडी न्यूट्रलमध्येच हवी, हे विसरू नकोस. सेल्फ सणकून फिरला तर दोष मागच्या वायरिंगमध्ये. तेव्हा उपाय सोपा: १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा चार पिनी रिले, म्हणजे बारीक करंटवर चालणारा स्विच. सोलेनॉइडकडे येणारी जुनी वायर रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेला, ८५ बॉडीला अर्थ, ३० ला बॅटरीवरून फ्यूज घालून वायर, ८७ वरून सोलेनॉइडला. ३० आणि ८७ च्या वायरी चार स्क्वेअर एमएमच्या घे. किल्लीतून मग रिलेपुरताच करंट जातो.

आणि थेट वायर टेकवूनही नुसता जोरात ‘टक’ आला, मोटर हलली नाही, तर सोलेनॉइडचे आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा मोटरचे कार्बन (ब्रश) झिजलेत. पान्याच्या दांड्यानं सेल्फवर हलकंच टिचकावल्यावर चालू झाला तर तो खाली उतरवायचाच. वायरमन लगेच अख्खा सेल्फ बदलायला सांगेल. आधी कार्बन सेट आणि बुश बदलून बघ म्हणावं.

तुझा दुसरा प्रश्न, चार दिवस उभी राहिल्यावर बॅटरी बसण्याचा. निगेटिव्ह क्लॅम्प काढून खुंट आणि क्लॅम्पच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर लाव आणि सगळं बंद ठेव. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालेल. २०० दिसले तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात रिकामी. चौथ्या दिवशीच निम्मी. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडला, त्याच्याच सर्किटमध्ये दोष. बहुतेक वेळा मागाहून बसवलेला टेप निघतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नकोस, मीटरचा फ्यूज उडेल, नाहीतर मीटरच जळेल.

दुपारी अडल्यावर तिन्ही ठिकाणचे आकडे कागदावर लिहून पाठव. रिले लागणार असेल तर नव्या पेठेतून घेऊन ठेवतो. रविवारी गाडी इकडेच आण. येताना इंजिन बंद करू नकोस म्हणजे झालं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर