असर आणि मगरिब यांच्यामधले क्रिकेट

मिरज,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुण्यात बसून मिरजेच्या बातम्या तुला इतक्या लवकर कळतात याचे मला कौतुक वाटते, पण या वेळी बातमीला वाटेत थोडे शेपूट फुटलेले दिसते. मशिदीत क्रिकेट क्लब वगैरे काही निघालेला नाही. मोहल्ल्यातल्या मकतबची, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या वर्गाची, मुले आठवड्यातून काही वेळ मैदानावर येतात आणि मी त्यांना शिकवतो, एवढेच घडले आहे. तरीही "आपण सगळे एकाच पिचवर खेळलो, मग या मुलांसाठी वेगळे क्रिकेट कशाला?" हा तुझा प्रश्न रास्त आहे, आणि तो तू विचारला आहेस म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहितो.

आपण एकाच पिचवर खेळलो हे खरे, पण मी पूर्ण डाव किती वेळा खेळलो हे जरा आठवून पाहा. माझी बॅटिंग यायच्या सुमाराला अरबी शिकायला जायची वेळ व्हायची, आणि माझ्या जागी तूच दोनदा बॅटिंग करून घ्यायचास. आजही तेच चालू आहे. शाळा पाचला सुटते, घरी दप्तर टाकून मूल असरनंतर, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजनंतर, मकतबमध्ये बसते, तिथे नूरानी कायदा म्हणजे अक्षरओळखीचे पुस्तक, मग सिपारा म्हणजे कुराणाचा एकेक भाग, मग पूर्ण कुराणाचे नाझिरा, म्हणजे पाहून केलेले, वाचन, शिवाय नमाज आणि दुआ, असे क्रमाने शिकते आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानला मोकळे होते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. जूनमध्ये तो सातनंतर मावळतो खरा, पण तेव्हा पाऊस असतो. गावातली क्रिकेट शिबिरे नेमकी याच वेळेत भरतात. एका मुलाचे नाव अशाच एका शिबिरातून गैरहजेरीमुळे कमी झाले. प्रशिक्षकाच्या मनात काही आकस नव्हता, तो नियमाप्रमाणे वागला. मुलाचा बापही तक्रार करायला गेला नाही, कारण अरबी बुडवून खेळायला पाठवावे असे त्याला वाटत नव्हते आणि खेळ बुडाला म्हणून कुणाला जाब विचारता येतो हे त्याच्या गावीही नव्हते. मुलगा मात्र डावखुरा होता आणि चेंडू बाहेर काढायचा, म्हणून मला ते लागले. म्हणजे वेगळे काही असलेच तर ते घड्याळ वेगळे आहे.

म्हणून आम्ही घड्याळापासूनच सुरुवात केली. मकतबला शुक्रवारी सुट्टी असते आणि शाळेला रविवारी. दोन्ही सुट्ट्या एकमेकींशी कधीच जुळत नाहीत, त्यामुळे मुलांना खऱ्या अर्थाने सुट्टी अशी मिळतच नाही. मकतबचे उस्ताद हाफिजसाहेब यांच्याशी बोलून शुक्रवारी असर ते मगरिब आणि रविवारी सकाळचा वेळ खेळासाठी धरला. त्यांनी आपण होऊन आणखी एक गोष्ट केली: दहा वर्षांवरच्या मुलांचा बुधवारचा वर्ग मगरिबनंतर घ्यायला सुरुवात केली. त्यांची स्वतःची संध्याकाळ त्यात गेली, पण त्याचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. मैदानावर ते कट्ट्यावर तसबीह, म्हणजे जपमाळ, घेऊन बसतात. खेळातले त्यांना फारसे कळत नाही, एलबीडब्ल्यू तर त्यांना सरळसरळ अन्याय वाटतो. मात्र मदीनेच्या मशिदीत ईदच्या दिवशी हबशी लोकांनी भाल्यांचे खेळ केले होते आणि पैगंबरांनी ते हजरत आयेशांना पाहू दिले होते, ही हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीची आठवण, ते मुलांना सांगतात. त्यानंतर खेळणे दीनात, म्हणजे धर्मात, बसते की नाही असे कुणी विचारत नाही.

शिकवण्याच्या बाबतीत मी त्यांच्याकडून जे घेतले ते तुझ्यासारख्या जुन्या बॅट्समनला आवडेल. हिफ्ज, म्हणजे कुराण पाठ, करणाऱ्या मुलाचा दिवस तीन भागांत असतो: आजचा नवा भाग म्हणजे सबक, मागच्या काही दिवसांत झालेला म्हणजे सबकपारा, आणि जुन्या पाठांतराची उजळणी म्हणजे आमोख्ता. आमोख्ता कच्चा असेल तर उस्ताद नवा सबक देत नाहीत, मूल कितीही हुशार असो. हीच शिस्त मी मैदानावर लावली. आधी सरळ बॅटने पुढे येऊन चेंडू थोपवण्याचा आमोख्ता, मग मागच्या आठवड्यात शिकवलेला बॅकफूट पंच, आणि हे दोन्ही नीट झाले तरच नवा कट किंवा पुल. शब्द त्यांच्या रोजच्या वापरातले असल्यामुळे समजावत बसावे लागत नाही. परवा दहा वर्षांचा एक मुलगा दुसऱ्याला म्हणत होता, "तेरा आमोख्ता कच्चा है, तू स्वीप मत मार." मी आणि हाफिजसाहेब एकमेकांकडे पाहून हसलो.

मैदान तेच, शाळेमागचे. काळ्या मातीला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की चेंडूची शिवण त्यात अडकून चेंडू कुठेही उसळतो, म्हणून आम्ही जुने मॅटिंग आणले आहे. खेळाआधी ते अंथरून ताणायचे, कडेने खिळे ठोकायचे, आणि खेळ झाल्यावर खिळे मोजून डब्यात परत टाकायचे. खिळे मोजण्याचे काम ज्याला टोपी सांभाळता येत नाही त्याला देतो. धावताना टोप्या उडतात, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक मुलगा एक हात डोक्यावर ठेवून झेल घ्यायला धावत होता. आता सगळ्या टोप्या स्टंपांच्या पिशवीवर रचून ठेवतात.

पैशाचा प्रश्न निघाला तेव्हा मशिदीच्या कमिटीतल्या एकाने जकातीतून, म्हणजे सक्तीच्या धार्मिक दानातून, बॅट घ्यायचे सुचवले. हाफिजसाहेबांनी ते तिथेच थांबवले, कारण जकात कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणात ठरलेले आहेत आणि बॅट त्यांत बसत नाही. शेवटी दोघातिघांनी लिल्लाह, म्हणजे ऐच्छिक दान, म्हणून पैसे दिले. मला हा काटेकोरपणा आवडला. पालकांची भीती वेगळी होती, मुले अभ्यासातून आणि दीनातूनही जातील, अशी. एका आईला मी क्रिकेटपटू इरफान आणि युसूफ पठाण यांचे सांगितले: त्यांचे वडील वडोद्याच्या जामा मशिदीत मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, होते, दोघे भाऊ मशिदीच्या आवारातच वाढले, आणि त्यांतल्या इरफानने २००६ साली कराची कसोटीच्या पहिल्याच षटकात हॅट्‌ट्रिक घेतली. तिने शांतपणे विचारले, "आणि बाकीच्या मुअज्जिनांची मुलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यानंतर मी पठाण बंधूंचे उदाहरण जपून वापरतो. मुलगा मात्र येतो.

रमजानमध्ये सराव बंद असतो. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, आणि सध्या तो उन्हाचा ताव वाढण्याच्या आणि परीक्षांच्या तोंडावर पडतो. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने २०१२ साली इंग्लंडमध्ये ओव्हलवर नाबाद ३११ धावा केल्या तेव्हा रमजान चालू होता, हे मुलांनी कुठेतरी ऐकले होते आणि "मग आम्हीही रोजा ठेवून खेळणार" असा हट्ट धरला होता. आमला प्रवासात होता, प्रवाशाला रोजा नंतर भरून काढायची सवलत असते आणि तीच त्याने घेतली होती, हे हाफिजसाहेबांनी समजावल्यावर प्रकरण मिटले.

मुलींबद्दल तू काही विचारले नाहीस, पण मला लिहायचे आहे. मकतबमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी नाही, आणि खेळाच्या वेळी त्या कट्ट्यावरून चेंडू परत फेकायच्या. त्यांतल्या एकीची फेक थेट स्टंपांत येते. भारतीय संघाची फलंदाज स्मृती मानधना सांगलीतच वाढली, आणि २ नोव्हेंबर २०२५ला आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्यानंतर "आपल्या सांगलीची पोरगी" म्हणून घराघरांत तिचे नाव झाले. आता रविवारी सकाळी मुलींचा वेगळा गट असतो आणि दोघीतिघींच्या आया सोबत येऊन बसतात. कमिटीत यावर कुरबूर आहे. ती लवकर संपेल असे मला वाटत नाही, आणि ती संपेपर्यंत थांबायचा माझा विचारही नाही.

आता तुझ्या शंकेतल्या खऱ्या काट्याकडे येतो. धर्मावर संघ पाडण्याचा इतिहास मला ठाऊक आहे. मुंबईच्या स्पर्धेत १९१२ साली मुस्लिमांचा संघ आला तेव्हा ती चौरंगी झाली, १९३७ साली पंचरंगी झाली, आणि १९४६ला बंद पडली ते बरेच झाले. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती होते, म्हणून ते 'रेस्ट'कडून, म्हणजे उरलेल्या धर्मांच्या संघाकडून, खेळले आणि १९४३च्या हिंदूंविरुद्धच्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या. त्या खेळीचे मोठेपण मान्य करूनही, ती कुणाच्या विरुद्ध काढावी लागली याचा मला खेद वाटतो. विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी १९३६ साली मँचेस्टरला सलामीला २०३ धावांची भागी केली, आणि मुंबईत आल्यावर मात्र एकाने हिंदूंकडून आणि दुसऱ्याने मुस्लिमांकडून खेळायचे. म्हणूनच, एका स्थानिक स्पर्धेत मशिदीच्या नावाने संघ उतरवावा असा प्रस्ताव आला तेव्हा मी नकार दिला. २००९च्या गणेशोत्सवातल्या दंगलीत या गावाने काय पाहिले ते तू विसरला नसशील. इथे असा संघ हरला तरी पंचाईत आणि जिंकला तरी पंचाईत. संघ गल्लीच्या नावाने उतरला. रविवारी मैदान मोकळे असते, त्यामुळे शेजारच्या गल्लीतली मुले आपोआप येऊन मिसळतात, आणि संघातले तिघे त्यांच्यातले होते. शुक्रवारी ती येत नाहीत, कारण त्यांना त्या वेळी शिकवणी असते. त्यांचे घड्याळही काही सोपे नाही.

मदत काय करू असे विचारले आहेस म्हणून निःसंकोच लिहितो. बॅट पाठवणार असशील तर चार आणि पाच नंबरच्या पाठव. मोठ्या बॅट लोक हौसेने देतात आणि मुलांना त्या उचलवत नाहीत. सीझनचे चेंडू लहान मुलांचे, म्हणजे १३३ ते १४४ ग्रॅम वजनाचे हवेत, मोठ्यांचे १५६ ते १६३चे नकोत. डावखुऱ्याचे ग्लोव्हज मिळाले तर एक जोडी जरूर घे. आणि दिवाळीत येशील तेव्हा शुक्रवार धरून ये. पुढे येऊन खेळायचा आमोख्ता तुझ्याकडून घ्यायचा आहे, आणि हाफिजसाहेबांना एलबीडब्ल्यूही तूच समजावून सांग, माझे ते ऐकत नाहीत.

वहिनींना सलाम, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र