टोमॅटोचं बूड काळं पडलं तेव्हा औषधाऐवजी पाणी सांगणाऱ्या नर्सरीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

विश्रामबागेतल्या आम्हा गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र. बूड काळं पडलेला टोमॅटो पुढे ठेवला की बहुतेक ठिकाणी बुरशीनाशकाची पुडी हातात मिळते. तुम्ही फळ आडवं कापून दाखवलंत. डाग देठाच्या विरुद्ध टोकाला, खोलगट, चामड्यासारखा कोरडा, आणि त्याला वास नाही. ‘हा रोग नाही, फळाला कॅल्शियम पोचलेलं नाही,’ हे तुमचं वाक्य. बुरशीनाशकाचा इथे काडीचा उपयोग नाही, हे तेव्हाच कळलं.

कॅल्शियम मातीत असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. पानांतून बाष्प जास्त उडतं, म्हणून पाण्याचा ओढा पानांकडे. फळाच्या वाट्याला आधीच कमी येतं आणि कुंडी एक दिवस सुकली की तेही तुटतं. म्हणून अंड्याची टरफलं टाकून लगेच गुण येत नाही. ती कुजायला कित्येक महिने लागतात, आणि मूळ दुखणं पाण्याचं असतं.

बोट दोन पेरं मातीत घालून बघायची सवय तुमची. वरून ओल दिसते, आत कोरडं ठणठणीत! कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पार सुकलं की आकसतं, कुंडीच्या कडेला फट पडते आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. खालून पाणी आलं म्हणजे कुंडी भिजली असं नव्हे. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवायची, हा उपाय आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यानंतर वापसा टिकवायचा: ना चिखल, ना कोरडं. एका झाडाला किमान वीस लिटरची बादली, बुडाला पाच-सहा भोकं, वर तीन बोटं उसाच्या पाचटाचा थर. पाचट आपल्याकडे मुबलक, ते सोडून विकतचं आच्छादन कशाला? एप्रिलमध्ये भरल्या झाडाला सकाळी दोन लिटर आणि संध्याकाळी बोट घालून बघून लागेल तेवढं.

नुसती शेतातली काळी माती कुंडीत भरू नका, ती दगडासारखी आवळते, हेही तुमचंच. बोअरच्या पाण्याने कडेला पांढरा थर धरला असेल तर क्षार साचलेत, आणि क्षारांमुळे मुळं पाणी ओढू शकत नाहीत. तेव्हा गोडं पाणी भरपूर ओतून, खालून वाहू देऊन ते धुऊन काढायचे.

खताबद्दल तुम्ही बजावलंत ते इथे मुद्दाम लिहितो. कॅल्शियम नायट्रेट लिटरला दोन ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी, ओल्या मातीतच. ते १९:१९:१९ बरोबर, म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या खताबरोबर, एका बादलीत कालवायचं नाही. स्फुरदाशी मिळून पांढरा साका तळाला बसतो आणि दोन्ही वाया जातं. युरिया तर फळं धरल्यावर नकोच: पाला माजतो, शिवाय मातीत त्यापासून तयार होणारा अमोनियम कॅल्शियमच्या आड येतो.

फळं तडकतात ती सुकलेल्या कुंडीला एकदम भरपूर पाणी दिल्यामुळे, ते या पाण्याच्याच हिशेबात आलं. फुलगळ मात्र वेगळी. पारा पस्तिशीच्या वर गेला की परागकण निकामी होतात, तिथे खत घालून काही होत नाही. दुपारी शेडनेट, आणि सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला हलकी टिचकी. उन्हाळ्यात फळाचे देठाजवळचे खांदे पिवळेच राहतात, कारण तिशीपुढच्या तापमानात लाल रंग नीट भरत नाही. फळाला रंगाची पहिली छटा आली की तोडून घरात सावलीत पिकवायचं.

डाग पडलेलं फळ सुधारत नाही, म्हणून खालचे दोन घोस तोडून टाकले. चौथ्या घोसाची बुडं स्वच्छ आहेत. पिकले की पहिली पिशवी तुमच्याकडे पोचती करतो.

आपले,
विश्रामबाग, सांगली येथील गच्चीवरचे बागवाले