सुनीलला आजच विचार

प्रिय विलास,

काल फोनवर काकू जवळ बसल्या होत्या, म्हणून नीट बोलता आलं नाही. लिहूनच पाठवतोय.

"पराटी (कपाशी) गेली म्हणून मन खट्टू झालं असेल," असं तू सुनीलबद्दल दोनदा म्हणालास. मला तेवढंच वाटत नाही. झोप उडणं, जेवणावरून उठून जाणं हे नुकसान झालेल्या बऱ्याच घरांत दिसतं. पण सुनीलने बैलजोडी आपणहून शेजाऱ्याच्या दावणीला बांधली, विम्याचे कागद वहिनींच्या हवाली केले, आणि "आता माझ्यापायी तुम्हाला त्रास नाही" म्हणाला. हे हलक्यात घेऊ नकोस. परवापासून तो एकदम शांत झाला, हसायला लागला, म्हणून तुला हायसं वाटलं. मला त्याचीच धास्ती वाटते. कधीकधी मनाशी काही पक्कं ठरलं की माणसाची तगमग थांबते, आणि घरचे समजतात की सावरला.

त्याला सरळ विचार. शेताच्या धुऱ्यावर दोघंच असताना विचार, "सुनील, जीव द्यावासा वाटतो का रे तुला?" विचारल्याने नसलेलं डोक्यात शिरतं, या भीतीत तथ्य नाही. इतके दिवस एकट्याने दाबून ठेवलेलं बोलायला त्याला वाट मिळते. "हो" म्हणाला तर लगेच "पोरांकडे बघ" म्हणू नकोस, तो पुन्हा गप्प होईल. "कधीपासून वाटतंय? काही ठरवलंयस का?" एवढं विचार आणि ऐकत राहा. कर्जाचा विषय त्या दिवशी नको. "कुणाला सांगू नको" अशी शपथ घालायला लागला तर ती घेऊ नकोस, विलास.

ठरवलंय म्हणाला तर रात्रीसुद्धा एकटा सोडू नका, आळीपाळीने जागा. फवारणीची औषधं तर आजच घरातून, गोठ्यातून हलव आणि दुसऱ्याकडे कुलपात ठेव. जीव द्यावासा वाटण्याची ही लाट पुष्कळदा ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो.

14416 हा नंबर लिहून घे. मनाच्या त्रासावर फोनवरून सल्ला देणारी सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. तो तयार नसेल तर तू लाव, घरच्यांनाही सल्ला देतात. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, तिथे घेऊन जा. आणि प्रसंग हाताबाहेर जातोय असं वाटलं तर 108 किंवा 112, मग कुणाची वाट बघायची नाही.

काकूंना पोलिसांची भीती वाटते ना? त्यांना सांग, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतात. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे, ही सरकारची जबाबदारी. लपवण्यासारखं यात काही नाही.

शनिवारी मी निघतोय. तू मात्र शनिवारपर्यंत थांबू नकोस, आज संध्याकाळीच बोल. तो काय म्हणाला ते कितीही वाजले तरी कळव, फोन उशाशीच ठेवतोय.

तुझा,
मोहन