‘फोर बाय फोर’चे स्टिकर दिसते, पुढचा शाफ्ट कुठे आहे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या रस्त्यांलगत जुन्या गाड्यांचे बाजार फुलतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीने शेत गाठायचे तर फोर बाय फोरच हवी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. साध्या जीपपेक्षा चार चाकांवर ताकद घेणारी गाडी महाग जाते. त्यामुळे लबाडीही नेमकी तिथेच होते. ‘भाऊ, लिव्हर पाहून घ्या न, असली फोर बाय फोर आहे!’ हे वाक्य अनेकांनी ऐकले असेल. लिव्हर असते. तिच्या पुढचे काही असतेच असे नाही.

जुन्या जिप्सी, मेजर, एमएम-५४० किंवा २०१० नंतरच्या पहिल्या थारमध्ये पुढच्या शाफ्टचा (पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) सांधा, म्हणजे क्रॉस, खडखडू लागला, की दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी तो शाफ्टच काढून ठेवतात. गाडी मागच्या चाकांवर मजेत चालते आणि डांबरी रस्त्यावर कुणाला काही कळत नाही. डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा तरीही लागतो, कारण तो ट्रान्सफर केसवरच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावरच्या) स्विचने पेटतो. लिव्हर सरकली, एवढेच तो सांगतो. म्हणून पहिली गोष्ट, गाडीखाली वाकून पाहा. ट्रान्सफर केसपासून पुढच्या हौसिंगपर्यंत (पुढच्या एक्सलच्या डब्यापर्यंत) शाफ्ट आहे का, त्याचे चारही बोल्ट जागेवर आहेत का, आणि बोल्टांवर ताजा रंग किंवा चकाकी आहे का? सगळीकडे जुनी धूळ आणि तेवढेच बोल्ट नवे दिसले, तर शाफ्ट काल-परवा बसवला आहे असे समजा.

मग जॅकची चाचणी. पंधरा मिनिटांचे काम आहे आणि तिला कुठलेही मशीन लागत नाही. जागा टणक व सपाट हवी. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंद, गिअर पहिला, ट्रान्सफरची लिव्हर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद) ठेवा. हाताने लागणारे फ्री-व्हील हब (चाक एक्सलला जोडणारे-सोडणारे कुलूप) असतील तर दोन्ही लॉक करा. आता पुढचे एकच चाक जमिनीवरून सुटेल इतके उचला आणि हाताने फिरवा. थोडी ढिल सोडून ते अडले पाहिजे. गरगर फिरले तर पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचतच नाही. हब गेला, एक्सल तुटला की हौसिंग आतून रिकामे आहे, हा नंतरचा प्रश्न. दुसरे चाक उचलून पाहण्याची गरज नाही, कारण एका बाजूचा एक्सल तुटला असला तरी डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसऱ्या बाजूचे चाकही मोकळेच फिरते. शेवटी लिव्हर टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) टाका. तेच चाक आता सहज फिरले पाहिजे आणि त्याच्यासोबत पुढचा शाफ्ट फिरताना दिसला पाहिजे. गाडी जॅकवर असताना कुणीही खाली शिरू नये.

२०२० नंतरच्या थारवर ही चाचणी करू नका. तिचा पुढचा एक्सल विजेवर जोडला-तोडला जातो, त्यामुळे इग्निशन बंद असताना चाक फिरले तरी त्यावरून काही ठरत नाही. अशी गाडी नांगरलेल्या किंवा ओल्या मातीत न्या, फोर-हाय लावा आणि स्टीअरिंग पूर्ण कापून सावकाश गोल फिरवा. अशा पार्ट-टाइम (गरजेपुरतीच फोर-व्हील लावायच्या) गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो, म्हणून वळताना गाडी अडखळल्यासारखी, ओढून धरल्यासारखी वाटली पाहिजे. टू-हायसारखीच अलगद वळली तर संशय घ्या. मात्र हाच प्रयोग कोरड्या डांबरावर करू नका. शाफ्ट आणि ट्रान्सफर पिळवटतात आणि भुर्दंड तुमच्या माथी बसतो.

थारच्या बाबतीत आणखी एक खूण कागदावरच मिळते. जानेवारी २०२३ मध्ये आलेली १.५ लिटरची डिझेल थार फक्त मागच्या चाकांवर चालते. आरसीवर १४९७ सीसी आणि डिझेल लिहिलेले असेल, तर मागे कितीही ठळक ‘फोर बाय फोर’ लावलेले असो, ती फोर बाय फोर नव्हे. थार रॉक्सचे २१८४ सीसी डिझेल दोन्ही प्रकारांत येते. तिथे हा हिशोब चालत नाही, वाकूनच पाहावे लागते.

हौसिंगमधल्या तेलाकडे आपले लोक सहसा पाहत नाहीत. नाल्यात उतरलेल्या गाडीच्या ब्रीदरची (हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारी) नळी चिखलाने बुजलेली असते. गरम हौसिंग पाण्यात गार पडले की सीलमधून पाणी आत ओढते. ग्राहक येणार म्हणून विक्रेता वरून ताजे तेल भरतो, पण पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी खालचा ड्रेन नट किंचित सैल करायला सांगा. पहिले थेंब पाण्याचे निघाले किंवा तेल दुधी चहासारखे दिसले, तर क्राउन-पिनियन (हौसिंगमधले मुख्य गिअर) आणि बेअरिंगला गंज लागलेला असू शकतो. नटाच्या टोकावर बारीक काळा चिकट लेप चालतो, धातूचे तुकडे चालत नाहीत. विक्रेता नट उघडू देत नसेल तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे, असे आमचे मत आहे. चालवताना अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हौसिंग ओरडत असेल आणि सोडल्यावर आवाज बदलत असेल, तर दोष क्राउन-पिनियनचा. डावी-उजवीकडे वळताना घरघर कमी-जास्त होत असेल तर चाकाचे बेअरिंग, ते तुलनेने स्वस्तात सुटते. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढे एक माप, मागे दुसरे, अशी गाडी फोर-व्हीलमध्ये चालवली असेल तर ट्रान्सफरने मार खाल्लेलाच असतो.

इंजिनाविषयी बहुतेकांना कळते, म्हणून थोडक्यात. बोनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करा, कारण सकाळी आधीच तापवून ठेवलेले इंजिन धुराचा पुरावा लपवते. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण काढा. फुफाट्यासारखा धूर उसळला तर पिस्टन-रिंग गेल्या.

किलोमीटरच्या आकड्यावर तर भरवसा ठेवूच नये. ताडोबा, पेंचच्या गेटांवर धावलेली जिप्सी दिवसभर धुळीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते. मीटर थोडाच फिरतो, पण इंजिनाचे तास मात्र भरमसाट झालेले असतात. अशा गाड्यांची नंबर प्लेट पिवळी असते. तिला खासगी करायला आरटीओची परवानगी आणि कराचा फरक लागतो. पांढरी प्लेट ठोकून विकलेली गाडी उद्या तपासणीत सापडली तर दंड तुम्हालाच. वणी-घुग्घुसकडे खाणीच्या कंत्राटावर फिरलेल्या बोलेरो कॅम्परचा एअर फिल्टरचा डबा उघडा आणि डॅशबोर्डच्या जाळ्यांत कापड फिरवा, कोळशाची बारीक काळी भुकटी निघते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या म्हणवणाऱ्या गाडीला तिसरा टायर-संच का लागला, हे विचारा.

खरा घोळ मात्र कागदांत असतो. आपल्याकडचा ‘कन्सल्टंट’ गाडी स्वतःच्या नावावर कधी घेत नाही. मूळ मालकाची सही कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर घेतो, गाडी आवारात उभी करतो आणि तुमच्याकडून इसार घेतो. इसारपावतीवर त्याचे पूर्ण नावही नसते. नंतर हौसिंग फुटले की तो म्हणतो, ‘मी तर मधला माणूस, मालकाला विचारा.’ मालक असतो दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात.

ही पळवाट १ एप्रिल २०२३ पासून कायद्याने बंद झाली आहे, पण ते फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५ए ते ५५एच हे नियम घातले गेले. नोंदणी झालेल्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याला आता आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. त्याची मुदत पाच वर्षे असते. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिल्याची माहिती फॉर्म २९सीमध्ये ऑनलाइन कळवायची असते आणि तेव्हापासून डीलरच त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. ‘मी मधला माणूस’ हे बोलणे मग चालत नाही. म्हणून भाव करण्याआधी दोनच कागद मागावेत: अधिकारपत्र आणि या गाडीचा २९सी. दोन्ही नसतील तर व्यवहार मूळ मालकाशी थेट करा. त्याला फोन केल्यास तोही बहुधा सहकार्य करतो, कारण अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. विम्याच्या बदलासाठीही १४ दिवसच आहेत.

एमपरिवहन अ‍ॅपवर बोजा, फिटनेस, विमा आणि चलान पाहता येते. बोजा दिसत असेल तर ‘बँकेचे पत्र येते आहे’ या बोलीवर पैसे देऊ नका. फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेचे नाहरकत पत्र हातात घ्या. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेली गाडी असेल तर फायनान्स कंपनीने फॉर्म ३६ वर आपल्या नावाची आरसी काढली आहे का, ते पाहा. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून आलेल्या गाडीला फॉर्म २८ची एनओसी हवी आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. दिल्लीकडून दहा वर्षांच्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात येत आल्या, कारण तिथे त्यांच्यावर रस्त्यावर येण्याचे निर्बंध लागले होते. नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण व्हायला किती दिवस उरलेत, हे मोजूनच अशा गाडीचा भाव करावा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसीशी ताडा. आकडे वाकडे, भोवती वेल्डिंग किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल तर परत फिरा. जुन्या आरसीवर नवी बॉडी, वेगळे इंजिन आणि रुंद टायर चढवलेल्या ‘मॉडिफाय’ जीपच्या वाटेला जाऊच नये. मूळ रचनेत असे फेरबदल चालत नाहीत, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे.

काही ठिकाणी नवीच तक्रार ऐकू येते: पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी लावून मागतात. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवरचा हा कर नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्री किमतीच्या फरकावर आहे. चार लाखांना घेतलेली गाडी साडेचार लाखांना विकली तर कर पन्नास हजारांवर. पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याने तसेही मना आहे, आणि उद्या भांडायचे तर बँकेची नोंदच कामी येते. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत आणि स्वतःच्याच जिल्ह्यात दावा करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही.

विदर्भातील आरटीओ कार्यालयांना आमची एक मागणी आहे. आपल्या जिल्ह्यात अधिकारपत्र कोणाकोणाला दिले, त्याची यादी मुदतीच्या तारखेसह कार्यालयाच्या दर्शनी फलकावर आणि तालुक्याच्या कॅम्पच्या ठिकाणी लावावी. यादीत नाव नसलेल्याच्या आवारात ‘विकणे आहे’ची पाटी लावलेल्या वीस-वीस गाड्या उभ्या असतात. त्या आवारांची तपासणी सुगीच्या आधी व्हावी, दिवाळीनंतर नव्हे.

आपले,
जुन्या जीपगाड्यांचे काही मेकॅनिक,
दारव्हा-दिग्रस परिसर, जि. यवतमाळ