निसर्ग वादळानंतर आमच्या दारी आलेल्यांचे आभार

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या, घरावर कौलं नाहीत, वीज नाही, फोन लागत नाही. मुंबईतल्या मुलांना आमची खुशाली कळवायलाही मार्ग नव्हता. अशात एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान रस्त्यावरची झाडं करवतीने कापत आमच्या आळीत पोचले. "आजी, घरात कोण कोण आहे? कुणाला लागलंय का? औषधं आहेत ना?" घरोघरी हेच विचारत होते. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क. तुमचे चेहरेसुद्धा दिसले नाहीत आणि नावं विचारायची राहून गेली. आजही कळली तर फार बरं वाटेल. मागोमाग आलेले पोलीस, आरोग्यसेविका, भर पावसात खांब उभे करणारे वायरमन, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.